नोंदवहीतील खरा आकडा: कीड सर्वेक्षण आणि सहकाऱ्यांची जडणघडण

कीड-रोगविषयक सल्ला शेतकऱ्याच्या भ्रमणध्वनीवर पोहोचतो तेव्हा त्यावर संस्थेचे नाव असते. त्या सल्ल्याचा पाया मात्र कोणा तरुण सर्वेक्षकाने सकाळच्या दवात, शेताच्या बांधावर उभे राहून नोंदवहीत लिहिलेला एक आकडा असतो. तो आकडा चुकला तर पुढील सारे विश्लेषण चुकते. म्हणूनच विभागप्रमुख, तालुका कृषी अधिकारी, विषय विशेषज्ञ किंवा शेतकरी गटाचे प्रमुख यांच्या कामात सहकाऱ्यांना घडवण्याच्या कामाला सापळे आणि प्रयोगशाळेइतकेच महत्त्व आहे. या लेखात त्याची चर्चा एका ओळखीच्या उदाहरणाच्या आधारे केली आहे. ते उदाहरण आहे कापसावरील गुलाबी बोंडअळीच्या सर्वेक्षणाचे.

बोंड फोडल्याशिवाय अळी दिसत नाही

2008 च्या खरिपात महाराष्ट्रात सोयाबीनवर पाने खाणाऱ्या अळ्यांचा मोठा उद्रेक झाला. त्यानंतर 2009-10 पासून राज्यात पीक कीड-रोग सर्वेक्षण व सल्ला प्रकल्प, म्हणजेच ‘क्रॉपसॅप’, सुरू झाला. ठरावीक आणि यादृच्छिक शेतांतून नियमित निरीक्षणे घ्यायची, ती संगणकावर नोंदवायची आणि तज्ज्ञांनी त्यावरून सल्ला द्यायचा, ही त्याची पद्धत आहे.

गुलाबी बोंडअळीच्या बाबतीत निकष स्पष्ट आहेत. सलग 3 दिवस प्रत्येक कामगंध सापळ्यात 8 पतंग आढळणे, 10 टक्के फुले डोमकळीच्या स्वरूपात दिसणे, किंवा 20 हिरव्या बोंडांपैकी 2 बोंडांत जिवंत अळी सापडणे, ही आर्थिक नुकसानीची पातळी मानली जाते. यातील तिसऱ्या निकषासाठी खरे कष्ट लागतात. लहान अळी बोंडात शिरते आणि तिने पाडलेले छिद्र बुजून जाते. बोंड बाहेरून निरोगी दिसते. लहानपणी अळी पांढुरकी असते, गुलाबी रंग पुढे येतो. त्यामुळे बोंडे फोडून, सरकीपर्यंत पाहूनच मोजणी करावी लागते. हे काम वेळखाऊ असते आणि ते कोणी पाहतही नसते. ते प्रामाणिकपणे होते की नाही, हे वरिष्ठ त्या आकड्याचे स्वागत कसे करतात यावर बरेच अवलंबून असते.

माझ्या हातून झालेली चूक

काही वर्षांपूर्वी कापूस पट्ट्यातील काही तालुक्यांच्या सर्वेक्षणाचे समन्वयन माझ्याकडे होते. एका साप्ताहिक बैठकीत एका नव्या सर्वेक्षकाने 20 पैकी 4 बोंडे प्रादुर्भावग्रस्त असल्याचे सांगितले. शेजारच्या गावाची नोंद शून्य होती. मी सर्वांसमक्ष म्हटले, “बाजूच्या गावात एकही नाही आणि तुमच्याकडे चार? नीट पाहून मोजत जा.” त्यानंतरचे सलग तीन आठवडे त्यांची नोंद शून्य किंवा एक अशी येत राहिली. आम्हीही ‘निरीक्षण चालू ठेवावे’ एवढाच सल्ला देत राहिलो.

चौथ्या आठवड्यात दुसऱ्या कामासाठी त्या गावी गेले असता एका शेतकऱ्याने बांधावरच थांबवले. आम्ही मिळून 20 बोंडे फोडली. आठ बोंडांत अळी निघाली. सर्वेक्षक शेजारी गप्प उभे होते. परतताना त्यांनी आपली नोंदवही माझ्या हाती दिली. प्रत्येक आठवड्याचे दोन आकडे होते: पेन्सिलने लिहिलेला मोजलेला आकडा आणि शाईने लिहिलेला कळवलेला आकडा. ते म्हणाले, “मॅडम, तुम्ही नीट मोजा म्हणालात. मला वाटलं, आकडा कमी यायला हवा.”

त्या शेतकऱ्याची पहिली वेचणी बरी झाली. पुढच्या वेचण्यांत मात्र कवडी कापूस जास्त निघाला आणि त्याला भाव मिळाला नाही. शेजारच्या गावातील शून्याचाही उलगडा झाला. तेथील सर्वेक्षक बोंडे न फोडता केवळ बाहेरून पाहत होते. म्हणजे ज्याने काम नीट केले त्याला मी बोल लावला होता आणि ज्याने केले नाही त्याच्या आकड्यावर विश्वास ठेवला होता. पुढील बैठकीत मी ही चूक माझी असल्याचे सर्वांसमोर सांगितले. त्या दिवसानंतर अनेकांच्या नोंदी बदलल्या. कीड मात्र एका आठवड्यात एवढी बदललेली नव्हती.

वरिष्ठांना अपेक्षित असलेला आकडा कनिष्ठ सहकारी फार लवकर ओळखतात. तो देणे त्यांना सुरक्षित वाटू लागले की सर्वेक्षण निव्वळ कागदावर उरते. त्यामुळे मार्गदर्शकाचे पहिले काम म्हणजे नकोसा आकडाही निर्भयपणे सांगता येईल अशी स्थिती निर्माण करणे होय.

उपयुक्त ठरलेल्या पद्धती

*1. दुहेरी मोजणी.* हंगामाच्या सुरुवातीला मार्गदर्शकाने प्रत्येक नव्या सहकाऱ्यासोबत शेतात जावे. दोघांनी तीच 20 झाडे किंवा बोंडे स्वतंत्रपणे पाहावीत, आकडे लिहावेत आणि नंतरच ताडून पाहावेत. फरक आढळल्यास पुन्हा एकत्र पाहावे. अनेकदा वरिष्ठाच्याच नजरेतून काही निसटलेले असते. ते त्याने मोकळेपणाने मान्य केले, तर पडताळणी म्हणजे अविश्वास नव्हे, हे सहकाऱ्याला सांगावे लागत नाही.

*2. उत्तराऐवजी प्रश्न.* इंडोनेशियात भातावरील तपकिरी तुडतुड्यांचे उद्रेक कीटकनाशकांच्या बेसुमार वापरामुळे वाढले होते, कारण त्यांचे नैसर्गिक शत्रूच नष्ट झाले होते. तेथील शासनाने 1986 मध्ये भातावरील 57 कीटकनाशकांच्या वापरावर बंदी घातली आणि 1989 पासून शेतीशाळांचा कार्यक्रम सुरू झाला. पुढे हीच पद्धत भारतातही रुजली. शेतीशाळेत ‘हा कोणता कीटक?’ असे विचारल्यावर प्रशिक्षक लगेच नाव सांगत नाही. ‘तो कुठे सापडला? काय करत होता? त्याच्यासारखे आणखी किती होते?’ असे तो उलट विचारतो. ढालकिड्याची काटेरी अळी पाहून ‘कीड आली’ म्हणणारा सहकारी तिला मावा खाताना एकदा स्वतः पाहतो, तेव्हा ती मित्रकीड आहे हे त्याला आयुष्यभर लक्षात राहते. नुसते नाव सांगितले असते तर ते पुढच्या हंगामापर्यंत विसरले गेले असते.

*3. ‘ओळखता आले नाही’ या नोंदीला स्थान.* नोंदपत्रकात असा रकाना असावा आणि तो भरणाऱ्याचे कौतुक व्हावे. 2018 मध्ये कर्नाटकातील शिवमोगा परिसरात मक्यावर अमेरिकन लष्करी अळीची भारतातील पहिली नोंद झाली आणि त्यानंतर अल्पावधीत ती अनेक राज्यांत पसरली. डोक्यावरील उलट्या इंग्रजी ‘वाय’सारखी खूण आणि शेपटीकडे चौकोनात असलेले चार ठिपके ही तिची ओळख आज सर्वांना आहे. परंतु कोणतीही नवी कीड प्रथम येते तेव्हा तिला नाव देण्याची घाई न करता ‘ही नेहमीची दिसत नाही’ एवढे सांगणाऱ्याची गरज असते. अंदाजाने ओळखीचे नाव लिहून टाकण्याची सवय लागली असेल, तर नवी कीड जुन्याच नावाखाली दडून राहते.

*4. आकड्याचे पुढे काय झाले ते कळवणे.* सर्वेक्षक माहिती पाठवतात, पण तिच्यावरून कोणता सल्ला निघाला, किती गावांना तो गेला, हे त्यांच्यापर्यंत क्वचितच परत येते. ‘तुमच्या सोमवारच्या नोंदीवरून आज या मंडळात सल्ला दिला’ असे एक वाक्य कामाचा अर्थ बदलून टाकते.

*5. दोष एकांतात, श्रेय सभेत.* नोंद चुकली असेल तर ती शेतात, त्या व्यक्तीसोबत दुरुस्त करावी. बैठकीत तिचा उच्चार करायचाच असेल तर पद्धतीविषयी बोलावे, व्यक्तीविषयी नव्हे. अहवालात आणि शोधनिबंधात प्रत्यक्ष मोजणी करणाऱ्यांचा नामनिर्देश अवश्य करावा.

*6. जबाबदारी टप्प्याटप्प्याने सोपवणे.* पहिल्या हंगामात सोबत मोजणी, दुसऱ्या हंगामात स्वतंत्र मोजणी व सल्ल्याचा मसुदा, तिसऱ्या हंगामात नव्या सहकाऱ्याला शिकवण्याची जबाबदारी, असा क्रम ठेवावा. स्वतः शिकवू लागल्यावर माणसाला आपल्या ज्ञानातील उणिवाही दिसू लागतात.

समवयस्क आणि अनुभवी सहकारी

मार्गदर्शन नेहमी वयाने मोठ्याकडून लहानाकडे जाते असे नाही. पदवी घेऊन नव्याने रुजू झालेल्या अधिकाऱ्याला वीस वर्षे गावोगाव फिरलेल्या कृषी सहायकाकडून पिकाची नजर मिळते. त्या सहायकाला संगणकीय नोंदणी किंवा कीटकनाशकांचे क्रियागट समजून घ्यायला नव्या अधिकाऱ्याची मदत होते. अशा जोड्या जाणीवपूर्वक लावल्यास दोघांपैकी कोणालाही कमीपणा वाटत नाही.

प्रगतशील शेतकऱ्यांसाठी

हीच बाब शेतावरील मजुरांनाही लागू पडते. 2017 च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना अनेक शेतकरी व शेतमजुरांना विषबाधा झाली आणि काहींना प्राण गमवावे लागले. संरक्षक साधने आणि औषधाचे योग्य प्रमाण यांना पर्याय नाही. त्यासोबतच ‘मळमळते आहे, आता थांबतो’ असे मजुराला मालकासमोर न घाबरता म्हणता यायला हवे. मजुरी कापली जाईल किंवा आळशी ठरवले जाईल या भीतीने तो गप्प राहिला, तर उपचार मिळण्यास उशीर होतो. फवारणीपूर्वी ‘त्रास झाला तर लगेच सांगा, दिवसाची मजुरी जाणार नाही’ हे शब्द मालकाने स्वतःहून उच्चारावेत.

समारोप

हंगाम सुरू होण्यापूर्वी आपण सापळे, लिंग गंध गुळ्या आणि नोंदपत्रके तपासतो. त्याच वेळी प्रत्येक मार्गदर्शकाने स्वतःला एक प्रश्न विचारावा: मागील हंगामात मला न आवडणारा आकडा माझ्यापर्यंत कोणी आणला होता आणि मी त्याला काय उत्तर दिले? तसा एकही आकडा आला नसेल, तर शिवारात कीड नव्हती असा निष्कर्ष काढण्याआधी एकदा सहकाऱ्यासोबत शेतात जाऊन 20 बोंडे फोडून पाहावीत.