हलत्या रेषा – ७ : मुखवट्यासमोरची पोरं

आमच्या आळीतल्या कुस्त्या पत्त्यांवर निकाली व्हायच्या. १९९०च्या दशकात कोपऱ्यावरच्या दुकानात डब्ल्यूडब्ल्यूएफच्या ट्रम्प कार्डांचं पाकीट मिळायचं. प्रत्येक पत्त्यावर एका मल्लाचा फोटो आणि खाली उंची, वजन, छाती, दंड, लढलेल्या लढती, जिंकलेल्या लढती. कुणी ‘वजन’ म्हटलं की योकोझुना ज्याच्या हातात, त्याचा डाव. अंडरटेकरला सात जन्म आहेत, ही माहिती आमच्यातल्या प्रत्येकाला कुठल्या ना कुठल्या मुंबईच्या मावसभावाकडून मिळालेली होती. तालमीत उभी हयात घालवलेले शेजारचे काका टीव्हीवरून नजर फिरवायचे आणि एकच शब्द टाकून पुढे जायचे : “नुरा!”

नुरा कुस्ती म्हणजे आधी संगनमत करून खेळलेली. हल्ली हा शब्द आखाड्यापेक्षा राजकारणाच्या बातम्यांत जास्त भेटतो. काकांचं म्हणणं आम्हाला पटत नव्हतं असं नाही. डोक्यात खुर्ची बसलेला माणूस पुढच्या आठवड्यात ठणठणीत परत येतो, हे तेराव्या वर्षी कुणालाही दिसतं. दिसत होतं, आणि तरी आम्ही ओरडत होतो. या ‘तरी’वरच प्रोफेशनल रेसलिंगचा सगळा धंदा उभा आहे. त्या धंद्यातल्या माणसांचा याला एक जुना शब्द आहे : केफेब. रिंगणातली गोष्ट रिंगणाबाहेरही खरी म्हणून जगायची, हा तो अलिखित करार. वैरी असलेल्या दोन मल्लांनी एका गाडीतून प्रवास करताना दिसायचं नाही, लंगडत बाहेर पडलेल्याने हॉटेलापर्यंत लंगडतच जायचं. करारावर मल्लाची सही असते, पण तो पाळतो चाहता.

अर्धवट वयाचा, सगळं कळणारा आणि तरी ओरडणारा हा मुलगा एखाद्या कार्टून मालिकेचा नायक का झाला नाही, हा प्रश्न ही लेखमाला सुरू केल्यापासून माझ्या डोक्यात आहे. कुस्तीची कार्टून पुष्कळ निघाली. त्यात मल्ल आहेत, मुखवटे आहेत, कुस्तीची शाळासुद्धा आहे : २००२ सालच्या ‘मुचा लुचा’ या अमेरिकी मालिकेत मेक्सिकन धाटणीचे मुखवटे घातलेली मुलं शाळेत डाव शिकतात. पण तीही मल्लच. रिंगणाबाहेर बसलेला कुठे आहे?

आधी अमेरिकेत काय झालं ते पाहू, कारण तिथल्या फसगतीतून एक गोष्ट नीट कळते. मार्च १९८५ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये डब्ल्यूडब्ल्यूएफची पहिली रेसलमेनिया झाली आणि त्याच सप्टेंबरात सीबीएस वाहिनीवर शनिवारी सकाळी ‘हल्क होगन्स रॉक अँड रेसलिंग’ सुरू झालं. काढलं होतं डीआयसी या कंपनीने. हल्कला आवाज हल्कचा नव्हता, ब्रॅड गॅरेट या तेव्हाच्या नवख्या विनोदी नटाचा होता. एका बाजूला हल्क आणि त्याचे सज्जन सोबती, दुसऱ्या बाजूला रॉडी पायपर आणि त्याची टोळी. त्यांच्यात शर्यती, खजिने, भुताटकी असं काहीबाही चालायचं. कुस्ती कमीच.

गंमत अशी की कार्टूनचा एक भाग काढायला कित्येक महिने लागतात आणि रेसलिंगमधली माणसं तेवढ्यात पक्ष बदलतात. हल्कच्या टोळीत वेंडी रिक्टर होती, पायपरच्या टोळीत फॅब्युलस मूला. कार्टून सुरू होऊन जेमतेम दोन महिने होत होते तोच, २५ नोव्हेंबर १९८५ ला, मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये मुखवटा घातलेल्या ‘स्पायडर लेडी’ने वेंडीला तिच्या नकळत ठरलेल्या निकालाने हरवलं. मुखवट्यामागे मूलाच होती. वेंडी त्या रात्री डब्ल्यूडब्ल्यूएफ सोडून गेली. म्हणजे ज्या खेळात सगळंच ठरवून होतं, तिथे तिला न सांगता ठरवलं गेलं. कार्टूनमधली वेंडी मात्र हसतमुखाने हल्कच्या गाडीत बसून राहिली. पुढे १९८७ च्या सुरुवातीला आंद्रे द जायंट हल्कवर उलटला, तिसऱ्या रेसलमेनियात दोघे समोरासमोर उभे राहिले. रेषांमधला आंद्रे हल्कचा सज्जन मित्रच राहिला.

आता त्या वेळच्या बारा-तेरा वर्षांच्या प्रेक्षकाचा विचार करा. त्याला दोन्ही दिसत होतं, आणि दोहोंतलं कार्टून शिळं होतं. मल्लाचं नाव, चेहरा, त्याचा पक्ष हे सगळं भाड्याने आणलेलं. करार बिघडला, मल्ल दुखावला, कंपनी विकली गेली की ढीगभर चित्रं निरुपयोगी. वाहिन्यांच्या कार्यालयांत पायलटांची कपाटं भरलेली असतात : आधी पात्रांची वही, मग स्टोरीबोर्ड, मग आवाज भरलेली कच्ची चलचित्रं, मग एखादा नमुन्याचा भाग, आणि तिथेच पूर्णविराम. प्रसारित न झालेल्या मालिकांचं हेच प्राक्तन. भाड्याच्या नायकावर उभी असलेली मालिका त्या कपाटाच्या जरा जास्तच जवळ असते.

जपानमध्ये हा गुंता एका लेखकाने फार आधी सोडवला होता. इक्की काजिवारा त्याचं नाव, चित्रकार नाओकी त्सुजी. १९६८ मध्ये त्यांची ‘टायगर मास्क’ ही चित्रकथा सुरू झाली आणि ऑक्टोबर १९६९ पासून तोएई अॅनिमेशनने तिची मालिका केली, १०५ भागांची. जपानला तेव्हा रेसलिंगचं वेड नवं नव्हतं. १९५४ साली रिकिदोझान या मल्लाच्या लढती पाहायला टोकियोत रस्त्यावर उभारलेल्या टीव्ही संचांसमोर तोबा गर्दी लोटायची. परक्या, धिप्पाड मल्लांना तो लोळवायचा आणि युद्धात हरलेला देश टाळ्या वाजवायचा. तो स्वतः जन्माने कोरियन होता, हे मात्र टाळ्या वाजवणाऱ्यांपासून लपवलेलं होतं. मुखवट्याचीच गोष्ट म्हणायची ही पण.

‘टायगर मास्क’च्या नायकाचं नाव नाओतो दाते. (सोलापूरचं पंचांग आठवलं ना? मलाही.) नाओतो अनाथाश्रमात वाढलेला. ‘वाघाची गुहा’ नावाच्या गुप्त संघटनेने त्याला उचललं, अमानुष कसरतींतून घडवलं आणि अमेरिकेत सोडलं. तिथे तो कपटी, रक्त काढणारा खलनायक, ‘पिवळा सैतान’. अट एकच : कमाईचा अर्धा वाटा गुहेला.

तो जपानला परततो, आपल्या जुन्या अनाथाश्रमात पाहुणा म्हणून जातो, आणि तिथे त्याला केंता भेटतो. केंता टायगर मास्कचा कट्टर चाहता. समोर उभा असलेला छानछोकीतला दादा तोच आहे, हे त्याला माहीत नाही. त्याला टायगर मास्क आवडतो तो डाव टाकतो म्हणून नव्हे, नियम मोडतो म्हणून. मीही तसाच होणार, म्हणतो तो. मालिकेची खरी लढत इथे होते, रिंगणाबाहेर, एका पोराच्या डोळ्यांसमोर. नाओतो गुहेचा वाटा देणं थांबवून पैसे आश्रमाला देतो, आणि सरळ कुस्ती खेळायचं ठरवतो. गुहा त्याला संपवायला एकामागून एक मल्ल पाठवते. १०५ भागांचं इंधन तेवढ्या एका वाक्यात आलं.

पाहा, काजिवाराने जायंट बाबा आणि अँटोनियो इनोकी या खऱ्या मल्लांना कथेत घेतलं, पण भार त्यांच्यावर टाकला नाही. भार टाकला केंतावर. बाबा-इनोकींची उद्या वाट वेगळी झाली असती (ती झालीच), तरी केंताचं काही अडणार नव्हतं.

चित्रांबद्दलही सांगायला हवं, कारण या लेखमालेचं नावच ‘हलत्या रेषा’. चित्रकाराच्या पेन्सिलीची रेषा हाताने शाईत पुन्हा न गिरवता यंत्राने थेट पारदर्शक सेलवर उतरवण्याची पद्धत तेव्हा रुळत होती. केइइचिरो किमुरा या अॅनिमेटरने तिचा फायदा उठवला. टायगर मास्कच्या रेषा खरखरीत आहेत, जाड-बारीक, जागोजागी तुटलेल्या. डोकं आपटलं की रेषाच हादरते. डिस्नेची गुळगुळीत बाह्यरेषा इथे आणली असती, तर ती तेल चोपडलेल्या पण मातीत न उतरलेल्या पैलवानासारखी दिसली असती. माझ्या मते कुस्तीचं इतकं खरं चित्रण रेषांत पुन्हा क्वचितच झालं.

याच काजिवाराच्या ‘क्योजिन नो होशी’ या बेसबॉलच्या कथेचं पुढे मुंबईत घडणारं क्रिकेटचं रूप झालं : ‘सूरज : द रायझिंग स्टार’, डिसेंबर २०१२ मध्ये कलर्स वाहिनीवर. तेही इथे फारसं कुणाला आठवत नाही. असो.

चाहता पात्र झाला, इथवर आपण आलो. पुढची पायरी चाहत्यानेच चित्र काढण्याची. ताकाशी शिमादा आणि योशिनोरी नाकाई हे दोन शाळकरी मित्र, त्यातला शिमादा रेसलिंगचा वेडा. दोघांनी मिळून ‘युदेतामागो’ हे टोपणनाव घेतलं, अर्थ : उकडलेलं अंडं. शाळा संपते न संपते तोच, १९७९ मध्ये, अठराव्या वर्षी त्यांची ‘किन्निकुमान’ ही चित्रकथा ‘शोनेन जंप’ साप्ताहिकात सुरू झाली. आधी ती अल्ट्रामॅन या टीव्हीवरच्या महानायकाची टिंगल होती. मग कुणाच्या तरी डोक्यात आलं, याला रिंगणात उतरवू. तिथून गाडी थांबली नाही. १९८३ पासून टीव्हीवर १३७ भाग.

त्यांची कल्पक गोष्ट पुढे आहे. नव्या मल्लांच्या कल्पना त्यांनी वाचकांकडूनच मागवल्या. पोरं वहीच्या पानावर मल्ल काढून पाठवायची, आणि त्यातले निवडक थेट कथेत उतरायचे. बफेलोमान असाच आला. अशुरामानही. तीन तोंडं, सहा हात, आणि नाव आपल्या ‘असुरा’वरून, बौद्ध धर्माबरोबर जपानात पोचलेलं. कुणा मुलाने देवळातला असुर पाहून त्याला लंगोट नेसवला असेल, असं मनात येतं. आमच्या ट्रम्प कार्डांवर आम्हाला असं काही करता आलं असतं, तर आळीतल्या काकांचा पत्ता निघाला असता, आणि त्याने योकोझुनाला खाल्लं असतं.

आता सगळ्यात विचित्र घटना. २० एप्रिल १९८१ ला जपानी टीव्हीवर टायगर मास्कची दुसरी मालिका सुरू झाली. तीन दिवसांनी, २३ एप्रिलला, टोकियोच्या कुरामाए कोकुगिकानमध्ये हाडामांसाचा टायगर मास्क रिंगणात आला. आत होता सातोरु सायामा, मेक्सिकोत आणि इंग्लंडात तावून निघालेला, पण अंगाने लहानसा. मुखवटा घाईत शिवलेला, ओबडधोबड. प्रेक्षक हसले. कार्टूनची जाहिरात आहे, हे न कळायला ते काही वेडे नव्हते. समोर इंग्लंडचा डायनामाइट किड. सायामा दोरांवर चढला, हवेत गिरकी घेतली, उतरला, पुन्हा उडाला. दहा मिनिटांच्या आत त्याने लढत जिंकली तेव्हा हसणारे तेच लोक उभे राहून ओरडत होते. १९८३ मध्ये सायामाने तो मुखवटा सोडला. १९८४ पासून तो दुसऱ्याने घातला, मग तिसऱ्याने, मग चौथ्याने. वेंडी रिक्टर गेली तेव्हा कार्टून शिळं झालं होतं. इथे माणसं जात राहिली आणि कार्टून ताजं राहिलं.

आणि केंता? तो मोठा झाला असणार. २०१० च्या नाताळच्या दिवशी, २५ डिसेंबरला, गुन्मा प्रांतातल्या माएबाशी शहरात बालकल्याण केंद्राच्या दाराशी कुणीतरी खोकी ठेवून गेलं. आत दहा नवी कोरी दप्तरं होती, जपानी मुलं पहिलीपासून पाठीवर घेतात ती चामड्याची ‘रांदोसेरु’, सगळी मिळून सुमारे तीन लाख येनची. सोबत चिठ्ठी, खाली पाठवणाऱ्याचं नाव : नाओतो दाते. बातमी आली आणि पुढच्या काही आठवड्यांत देशभरच्या अनाथाश्रमांच्या दारांशी दप्तरं, खेळणी, पैसे येऊन पडू लागले. हजाराहून अधिक ठिकाणी. बहुतेक चिठ्ठ्यांवर तेच नाव, काहींवर काजिवाराच्याच दुसऱ्या नायकाचं, जो याबुकीचं. मराठीत ‘दाते’ या शब्दाचा अर्थ काय होतो, हे त्यातल्या एकालाही ठाऊक असण्याचं कारण नाही.