कर्ल, कोविन आणि २०२१ चा मे

२८ एप्रिल २०२१ ला दुपारी चार वाजता अठरा वर्षांवरच्या सगळ्यांसाठी कोविन या सरकारी पोर्टलवर कोविड लसीची नोंदणी खुली झाली. नोंदणी व्हायची, पण स्लॉट मिळायचा नाही. दिल्ली एनसीआरमधल्या प्रोग्रामर मंडळींनी मग वेबसाइट सोडून टर्मिनल उघडलं. कोविनचे सार्वजनिक एपीआय, म्हणजे प्रोग्रामला थेट माहिती देणारे दुवे, सरकारच्या ‘एपीआय सेतू’वर होते आणि ते तपासायला हाताशी होतं कर्ल.

स्वीडनच्या डॅनियल स्टेनबर्ग यांचं हे साधन या नावानं मार्च १९९८ पासून वापरात आहे. त्याचा पूर्वावतार चॅटरूमसाठी चलनांचे दर आणायचा. काम आजही तेच: पत्ता द्यायचा, सर्व्हर जे पाठवेल ते जसंच्या तसं वाचायचं.

एनसीआरचं दुखणं असं, की वस्ती सलग, पण राज्यं वेगळी, आणि शोध जिल्ह्यानुसार करावा लागायचा. दक्षिण दिल्लीचा जिल्हा क्रमांक १४९, गुरुग्रामचा १८८, नोएडा ज्यात येतं त्या गौतम बुद्ध नगरचा ६५०. तारीख घालून तीन रिक्वेस्ट पाठवायच्या आणि आलेल्या जेसनमध्ये वयोमर्यादा १८ व उपलब्ध डोस शून्याहून जास्त असलेलं केंद्र शोधायचं. पुष्कळदा उत्तर यायचं ४०३, म्हणजे प्रवेश नाही. ब्राउझरचा यूजर-एजंट हेडर जोडला की तीच रिक्वेस्ट बिनबोभाट चालायची. मग कमांड लूपमध्ये गेली. एका आयपीवरून पाच मिनिटांत १०० रिक्वेस्ट, ही मर्यादा होतीच. शिवाय मेच्या सुरुवातीला ही माहिती अर्ध्या तासापर्यंत जुनी असू शकेल, असंही जाहीर झालं. काही मिनिटांत संपणाऱ्या स्लॉटसाठी ती शिळीच.

तरीही ज्याला कर्लची ही एक ओळ लिहिता येत होती, तो इतरांच्या पुढे होता. बुकिंगला ओटीपी लागायचा, पण कुठे बघायचं हे त्याला आधी कळायचं. स्मार्टफोनच नसलेल्या घरकामाच्या बाईंना रांग आहे कुठे हेच दिसत नव्हतं. सर्वोच्च न्यायालयाने ३१ मेच्या आदेशात याच डिजिटल दरीवर बोट ठेवलं. त्याआधी २४ मेला सरकारी केंद्रांवर थेट नोंदणीची मुभा मिळाली होती. २१ जूनपासून ती खासगी केंद्रांवरही आली.

एपीआय खुले ठेवले हे बरंच झालं. पण टंचाई असताना खुली माहिती आधी जाणकारांच्याच उपयोगी पडते. कर्लने लसीचा एकही डोस वाढवला नाही, फक्त रांगेचा क्रम बदलला. पुरवठा वाढला, तशा त्या स्क्रिप्ट आपसूक बंद पडल्या.