बॅडमिंटन खेळताना पाय मुरगळला तर

विहाराच्या पटांगणात दोन बांबू रोवून, वर दिवा टांगून संध्याकाळी बॅडमिंटन खेळणारी मुले-मुली आता अनेक वस्त्यांतून दिसतात. चांगली गोष्ट आहे. पण रोजंदारीवर जाणाऱ्याचा घोटा सुजला की आठ-आठ दिवसांची मजुरी बुडते, म्हणून हे चार शब्द.

या खेळात घोटा फार मुरगळतो. उडी मारून खाली येताना पाऊल आत वळते आणि बाहेरच्या बाजूचे अस्थिबंध ताणले जातात. अशा वेळी आपल्याकडे पहिला उपाय म्हणजे गरम तेलाने रगडणे! तसे मुळीच करू नये. पहिले दोन दिवस शेक आणि मालीश दोन्ही बंद, त्याने सूज वाढते. बर्फ फडक्यात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटे लावावा, दर दोन-तीन तासांनी. बर्फ नसेल तर गार पाण्याची घडी ठेवावी. क्रेप बँडेज बांधावे, पण बोटे बधिर होतील इतके घट्ट नको. झोपताना पायाखाली उशी घ्यावी. आजीला आंबेहळदीचा लेप लावायचाच असेल तर तिने तो गरम करू नये.

चार पावलेही टाकता येत नसतील किंवा घोट्याचे हाड दाबल्यावर दुखत असेल तर एक्स-रे काढलाच पाहिजे. हाड बसवणाऱ्याकडून पाय ओढून घेऊ नये. सूज उतरल्यावर रोज थोडा वेळ एका पायावर तोल सांभाळून उभे राहावे. हा व्यायाम टाळणाऱ्याचा तोच पाय पुन्हा मुरगळतो.

टाचेमागे कोणी लाथ मारल्यासारखे वाटले, वळून पाहावे तर मागे कोणीच नाही, आणि चवड्यावर उभे राहता येत नाही, तर टाचेची जाड शीर तुटली असे समजून त्याच दिवशी दवाखाना गाठावा. आठवडाभर न खेळता रविवारी एकदम धावणाऱ्या तिशी-चाळिशीतल्या बंधूंनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

गुडघ्याचे दुखणे मोठमोठ्यांनाही चुकले नाही. स्पेनच्या कॅरोलिना मारिनचा गुडघा जानेवारी २०१९ मध्ये सायना नेहवालविरुद्धच्या अंतिम सामन्यात दुखावला. ती परतली सप्टेंबरात. आपण मात्र तिसऱ्या दिवशीच मैदानात!

डोळ्याला शटल लागले तर चोळू नये, दाबू नये. अंधुक दिसू लागले तर रात्र असली तरी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जावे. जोडीने खेळताना पुढच्याने मागे वळून पाहू नये.

खेळण्यापूर्वी दहा मिनिटे हातपाय मोकळे करावेत, खांदेसुद्धा. शहाबादी फरशी ओली असेल तर आधी पुसून घ्यावी, आणि स्लिपर घालून तर खेळूच नये. साधे रबरी तळव्याचे कॅनव्हास बूट पुरतात.