तळ्यातील मासळी : पकडावी कोणती, राखावी कोणती

गोरेगावच्या पूर्वेस, डोंगरांच्या कुशीत विहार (१८६०), तुळशी (१८७९) व पवई (१८९१) हे तीन तलाव आहेत. पहिले दोन मुंबईस पिण्याचे पाणी पुरवितात. पवईचे पाणी पिण्यास योग्य ठरले नाही. मात्र गळाने मासे धरणाऱ्यांचे ते जुने ठिकाण आहे. नजीकच्या आरे परिसरातील वारली पाड्यांवर पावसाळी ओढ्यांतील मासळी व खेकडे हे परिचित अन्न आहे. आपल्या गावच्या तळ्याचा पाठ घेताना शिक्षकांना हे उदाहरण उपयोगी पडेल.

पहिल्या दमदार पावसात अनेक जातींचे मासे अंडी घालण्यासाठी प्रवाहाविरुद्ध ओढ्यांत व भातखाचरांत चढतात. कोकणात यास ‘वलगण’ म्हणतात. त्या वेळी मासळी सहज हाती लागते. परंतु पोटात गाबोळी असलेली मादी मारणे म्हणजे पेरणीचे बियाणे दळून खाणे होय. रोहू, कटला व मृगळ हे मासे तर साचलेल्या पाण्यात सहसा अंडी घालीत नाहीत. म्हणून तलावांत त्यांचे बीज सोडावे लागते. १० जुलै १९५७ रोजी डॉ. हिरालाल चौधरी व डॉ. के. एच. अलीकुन्ही यांना अशा माशांचे प्रेरित प्रजनन करण्यात यश आले, आणि मत्स्यबीजाची वाट सुकर झाली.

चिलापी अथवा तिलापियाची गोष्ट निराळी आहे. आफ्रिकेतील हा मासा १९५२ साली भारतात आणला गेला. त्याची मादी अंडी तोंडात सांभाळते व वर्षातून अनेकदा विते. त्यामुळे त्याची संख्या झपाट्याने वाढते आणि देशी माशांना जागा व अन्न अपुरे पडते. म्हणून गळाला गांडूळ किंवा कणकेची गोळी लावून चिलापी धरण्यास हरकत नाही. वलगणीची देशी मासळी मात्र राखावी.

मासा ताजा असल्याची खूण म्हणजे लाल कल्ले, चकचकीत डोळे व दाबल्यावर पुन्हा वर येणारे मांस. खवले, कल्ले व आतडी काढून मासा स्वच्छ धुवावा. मीठ, हळद व चिंचेचा कोळ लावून ठेवल्यास चिखलाचा वास कमी होतो. नंतर लसूण-मिरचीचे वाटण चोळून, तांदळाच्या पिठात घोळवून तव्यावर मंद आचेवर तळावा, किंवा आमसूल घालून कालवण करावे. गोड्या पाण्यातील माशांत जंत असू शकतात. यास्तव मासा आतपर्यंत शिजलाच पाहिजे. लहान मुलांस काटे काढूनच द्यावा.

शिजविल्याने जंतू मरतात, परंतु पाण्यात मिसळलेली विषारी रसायने जात नाहीत. ज्या तळ्यात सांडपाणी किंवा कारखान्याचे पाणी येते, तेथील मासळी खाऊ नये, हे मुलांच्या मनावर ठसवावे. पवईत मगरी आहेत. इतर तळ्यांत खोल पाणी व गाळ असतो. म्हणून मुलांनी मोठ्या माणसाच्या सोबतीवाचून काठावर जाऊ नये.

जुलै महिन्यात एक तास या विषयास द्यावा. गावात कोणती मासळी पूर्वी मिळत असे व आता मिळत नाही, हे मुलांनी घरच्या वडीलधाऱ्यांस विचारून वहीत लिहावे. त्या यादीवरून तळ्याची स्थिती मुलांच्या आपोआप ध्यानी येईल.