हक्कांचे रक्षण आणि न्यायालयाची पायरी

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण आपल्या पेढ्यांवर पिढ्यान् पिढ्या सांगितली जाते. देण्याघेण्याच्या तंट्यापुरती ती खरीही आहे. असा तंटा पंचांपुढे मिटवला, तर पैसा वाचतो व संबंधही टिकतात. परंतु अन्याय सरकारी हुकुमानेच होत असेल, तर पंच म्हणून कोणास बोलावावे? अशा प्रसंगी पायरी न चढणे हे शहाणपण नव्हे.

आपल्या राज्यघटनेने नागरिकांस मूलभूत हक्क दिले. त्यांत कलम १९ अन्वये कोणताही व्यवसाय, व्यापार वा धंदा करण्याचा हक्क येतो. लोकहितार्थ त्यावर निर्बंध घालता येतात, परंतु ते वाजवी असले पाहिजेत. हे हक्क कागदावर राहू नयेत म्हणून कलम ३२ अन्वये सरळ सर्वोच्च न्यायालयाकडे, तर कलम २२६ अन्वये उच्च न्यायालयाकडे अर्ज करता येतो.

याचे एक जुने पण बोधप्रद उदाहरण मध्यप्रदेशातील सागर जिल्ह्याचे आहे. शेतीच्या हंगामात मजूर मिळावेत म्हणून १९४८ च्या एका प्रांतिक कायद्याने काही गावांत विडीचे काम बंद ठेवण्याचा अधिकार जिल्ह्याच्या अधिकाऱ्यास दिला होता. जून १९५० मध्ये तसा हुकूम निघाला. तेव्हा एका विडी कारखान्याचे मालक चिंतामणराव आणि एक कामगार, असे दोघेही सर्वोच्च न्यायालयात गेले. सुनावणीपूर्वीच तो हंगाम संपला. पण पुढील हंगामासाठी पुन्हा हुकूम निघाला. ८ नोव्हेंबर १९५० रोजी न्यायालयाने निर्णय दिला. कायद्याचा हेतू शेतीस मजूर पुरविण्याचा होता. परंतु शेतात राबू न शकणारे वृद्ध, अपंग व दुर्बल यांचीही घरबसल्या मिळणारी रोजी त्याने बंद केली. हेतू साधण्यास लागते त्याहून अधिक बंधन घालणे वाजवी नव्हे, असे ठरवून न्यायालयाने ती बंदी रद्द केली.

दुसरे उदाहरण आपल्या समाजाच्या जिव्हाळ्याचे आहे. मुंबईच्या १९५० च्या सार्वजनिक न्यास कायद्याविरुद्ध एका जैन देरासराचे व्यवस्थापक रतिलाल पानाचंद गांधी न्यायालयात गेले. उच्च न्यायालयात यश आले नाही, म्हणून त्यांनी अपील केले. १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने धार्मिक न्यासावर धर्मादाय आयुक्तास विश्वस्त नेमण्याची तरतूद रद्द ठरविली. मात्र न्यासांकडून घ्यावयाची वर्गणी कायम ठेवली. न्यायालय सर्वच मागणी मान्य करते असे नाही. जितके न्याय्य, तितकेच पदरात पडते.

यावरून आपण काही गोष्टी मनाशी धराव्यात. ज्या हुकुमाने बाध येतो त्याची प्रत, परवाने, पावत्या व पत्रव्यवहार प्रथमपासून जपून ठेवावा. आधी संबंधित अधिकाऱ्याकडे लेखी दाद मागावी. उपाय न झाल्यास अकारण विलंब करू नये, कारण विलंबाने चांगली बाजूही लंगडी पडते. आणि एकट्यास खर्च न पेलल्यास संघटनेने पाठीशी उभे राहावे.

सागरच्या निकालाचा लाभ केवळ त्या दोन अर्जदारांनाच झाला नाही. कोर्टाचे दारही न पाहिलेल्या कित्येक घरांत विडीचे सूप पुन्हा मांडीवर आले. हक्कासाठी एकाने चढलेली पायरी अशी अनेकांच्या उपयोगी पडते.