फाउंड्रीतला कागद कोण सांभाळणार?

जोतिबाच्या डोंगराच्या पूर्वेला शिरोली आणि कोल्हापूरच्या दक्षिणेला गोकुळ शिरगाव या औद्योगिक वसाहतींतील फाउंड्रींमध्ये वाहने, पंप व ट्रॅक्टर यांना लागणारे बिडाचे भाग ओतले जातात. वाळू मुठीत दाबून तिचा ओलावा ओळखण्यासारखे येथील कसब मेस्त्रीच्या हाताखालीच शिकले जाई. परंतु वाहन उद्योगाला माल पुरवायचा तर बहुधा आयएटीएफ १६९४९ या गुणवत्ता मानकाचे प्रमाणपत्र लागते आणि त्यासाठी कामाची लेखी कार्यपद्धती, म्हणजे कारखान्याच्या बोलीतील ‘एसओपी’, ठेवावी लागते.

अडचण कागद नसल्याची क्वचितच असते, एकाच कामाचे तीन कागद असल्याची असते. ‘एसजी आयर्न’ तयार करताना वितळलेल्या लोखंडात मॅग्नेशियम मिसळतात, त्यामुळे त्यातील ग्रॅफाइट पापुद्र्यांऐवजी गोल कणांच्या रूपात जमते व बीड चिवट होते; मात्र हा परिणाम मिनिटागणिक ओसरत असल्याने शेवटचा साचा किती वेळात भरायचा, याची मर्यादा ठरवलेली असते. ग्राहकाच्या तक्रारीनंतर ती मर्यादा फाइलमध्ये कमी झाली आणि भट्टीजवळच्या पाटीवर जुनीच राहिली, तर कामगार साहजिकच पाटी पाहून काम करतो. भाग वरून निर्दोष दिसतो, दोष सूक्ष्मदर्शकाखाली उघड होतो.

अशा विसंगती शोधणे हे कृत्रिम बुद्धिमत्तेला खरोखर साधण्याजोगे काम आहे. पाट्यांची छायाचित्रे आणि स्कॅन केलेले कागद वाचून ती एकाच कामाविषयीचे परिच्छेद शेजारी ठेवते आणि आकडे कोठे जुळत नाहीत ते दाखवते. त्यांपैकी बरोबर आकडा कोणता, हे मात्र तिला ठरवता येत नाही, ते धातुतज्ज्ञाचेच काम.

दुसरा उपयोग प्रश्नोत्तरांचा. जोतिबाच्या चैत्र यात्रेत अनुभवी माणूस सासनकाठीबरोबर, म्हणजे यात्रेत मिरवल्या जाणाऱ्या उंच काठीबरोबर, डोंगरावर असतो, तेव्हा बदली कामगाराला मराठीत किंवा हिंदीत विचारता आले तर हवेच आहे. पण भाषा-प्रारूप, म्हणजे अफाट मजकुरावरून पुढचा शब्द कोणता येईल याचा अंदाज बांधणारी प्रणाली, ठाऊक नसलेला आकडाही ठामपणे सांगू शकते. लॅडल, म्हणजे वितळलेला धातू वाहून नेण्याचे पात्र, पुरेसे तापवून कोरडे केले नसेल, तर आतल्या ओलाव्याची क्षणात वाफ होऊन धातू अंगावर उडतो. तेथे चुकीचे उत्तर ही कारकुनी चूक राहत नाही. म्हणून प्रणालीने आधी कारखान्याच्या मंजूर कागदांतून संबंधित परिच्छेद शोधावा, उत्तरासोबत कागदाचा व सुधारित आवृत्तीचा क्रमांक दाखवावा आणि परिच्छेद न सापडल्यास तसे सांगून थांबावे, अशी तिची रचना हवी.

मेस्त्री पावसाळ्यात भंगाराचा ओलावा पाहून भट्टी भरण्याचा क्रम बदलत असेल आणि तो बदल कोणी लिहून ठेवला नसेल, तर कोणत्याही प्रणालीला तो सापडणार नाही; छोट्या फाउंड्रीने संगणकावर खर्च करण्याआधी मेस्त्रीशेजारी वही घेऊन बसणारा माणूस नेमणे अधिक शहाणपणाचे.