बाहुलीघरात शिकणारे पोलीस

काचेच्या मागे एक इवलीशी खोली आहे. तीत खुर्च्या, शेगडी, भांडीकुंडी सारे काही आहे आणि जमिनीवर एक बाहुली निपचित पडली आहे. समोर उभे आहेत ते मात्र चांगले धिप्पाड पोलीस अधिकारी! हा खेळ नव्हे, हा गुन्हे-तपासाचा वर्ग आहे.

अमेरिकेतील फ्रान्सिस ग्लेसनर ली (१८७८–१९६२) या बाईंनी ही बाहुलीघरे तयार केली. त्यांच्याच देणगीतून हार्वर्ड विद्यापीठात न्यायवैद्यकाचा विभाग उभा राहिला होता. तेथे १९४५ पासून पोलिसांचे वर्ग भरू लागले. प्रत्येक घराचे प्रमाण १ फुटास १ इंच. म्हणजे सहा फुटी माणसाची बाहुली सहा इंचांची!

एवढा खटाटोप कशासाठी? तपासात नवखा असलेला पोलीस घटनास्थळी वस्तू हलवतो, ठसे तुडवतो. एकदा पुसला गेलेला पुरावा पुन्हा मिळत नाही. मग गुन्हेगार सुटतो, किंवा एखादा निरपराध माणूस तुरुंगात जातो. खऱ्या जागेवर चुका करून शिकणे परवडणारे नाही. बाहुलीघरात ते चालते.

शिकणाऱ्याला एका घरासाठी ९० मिनिटे मिळत. नजर कशीही भिरभिरू द्यायची नाही. कडेपासून सुरुवात करून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरत फिरत मध्यापर्यंत यायचे, म्हणजे एकही कोपरा सुटत नाही.

बाहुल्यांच्या कातडीचा रंगही लीबाईंनी विचारपूर्वक रंगविला होता. असे का? मृत्यूनंतर हृदयाचा पंप थांबतो. गुरुत्वाकर्षणामुळे रक्त शरीराच्या खालच्या भागात साचते व तेथे जांभळट डाग उमटतात. साधारणपणे ८ ते १२ तासांनी हे डाग पक्के होतात. आता समजा, देह उताणा आढळला, पण पक्के डाग छातीवर आहेत. याचा अर्थ काय? मृत्यूनंतर बराच काळ देह पालथा होता व पुढे कोणीतरी तो हलविला. कोणी हलविला, हे मात्र डाग सांगत नाहीत. कदाचित तो घाबरलेला नातेवाईकही असेल! पुरावा जेथे थांबतो, तेथेच तपासनिसानेही थांबायचे असते.

लीबाईंच्या मृत्यूनंतर काही वर्षांनी हार्वर्डचा विभाग बंद झाला आणि १८ बाहुलीघरे बाल्टिमोर शहरात गेली. तेथेही ती पोलिसांना शिकविण्यासाठी वापरली गेली. म्हणूनच त्यांची उत्तरे गुप्त ठेवण्यात आली.

हा धडा तुम्हालाही गिरवता येईल. शिक्षकांना एका टेबलावर दहा-बारा वस्तू मांडायला सांगा. वहीच्या पानाचे दोन भाग करा. डावीकडे ‘काय दिसते’ व उजवीकडे ‘त्यावरून काय वाटते’ ते लिहा. ‘पेला आडवा आहे, टेबल ओले आहे’ हे डावीकडचे. ‘पाणी कोणीतरी सांडले’ हे उजवीकडचे. दहा मिनिटांनी वह्या मित्रांशी ताडून पाहा. डावीकडच्या याद्या बहुतेक जुळतील. उजवीकडच्या किती जुळतात?